निरंक लिहू नका



गेल्या महिन्यात एक मुलगा घरी आला. अडीच एकर जिरायत, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे, आणि बी.ए. होऊन तीन वर्षे झालेली. चौदा ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी बोलावणे आले, आणि दोन्हीकडून हात हलवत परत. या वेळी एका दूध संघाला गावोगावच्या संकलन केंद्रांवर देखरेख करायला पर्यवेक्षक हवे होते. भरलेला अर्ज पुढे करून म्हणाला, "सर, टाकायच्या आधी एकदा नजर घाला."

नाव, गाव, जन्मतारीख, टक्केवारी सगळे ठीक होते. चौथ्या पानावर एक प्रश्न होता: "विद्यार्थिदशेत आपण स्वयंसेवक म्हणून केलेल्या एखाद्या कामाचे वर्णन करा. त्यात आपली जबाबदारी कोणती होती? (दीडशे शब्दांत)." त्याखाली त्याने एकच शब्द लिहिला होता. निरंक.

मी विचारले, "कॉलेजात एन.एस.एस.ला नव्हतास?"

"होतो की. दोन वर्षं."

"शिबिराला?"

"दोन्ही साली गेलो."

"मग काय केलंत तिथं?"

"काय नाही सर, चर खोदले. ते काय नोकरीच्या अर्जात लिहायचं?"

मंडळी, हा मुलगा एकटा नाही. मी बरीच वर्षे शिकवण्यात घालवली, आणि काही वेळा मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो. खेड्यातून आलेले दहा अर्ज वाचले, तर सहा-सात अर्जांत या रकान्यात "निरंक", "नाही" किंवा नुसती आडवी रेघ दिसते. शहरातला मुलगा एक दिवस रस्ता झाडायला गेला तरी अर्धे पान भरतो. आपला मुलगा आठ दिवस माळावर कुदळ मारतो, पुराच्या वेळी रात्रभर जागतो, पंचवीस गावांची दिंडी जेवू घालतो, आणि लिहितो निरंक. मागे या सदरात अर्जासोबतच्या दाखल्यांविषयी लिहिले होते. आज या एका रकान्याविषयी बोलू.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. हा प्रश्न विचारतात तरी कशाला? नोकरी देणाऱ्याला तुमच्या समाजसेवेचे कौतुक करायचे असते असे नाही. त्याची अडचण वेगळी असते. समोर बावीस वर्षांचा मुलगा आहे, त्याने याआधी कुठे नोकरी केलेली नाही. हा वेळेवर येईल का? चार माणसांत मिळून वागेल का? हातात पैसे दिले तर हिशेब देईल का? काम बिघडले तर लपवील की सांगेल? गुणपत्रिकेवरून यातले काही कळत नाही. म्हणून तो विचारतो, की पगार नसताना, कोणी मागे काठी घेऊन उभे नसताना तू काय केलेस? बैल विकत घेताना आपण नुसते शिंगांचे रंग बघत नाही, औताला जुंपून दोन तास चालवून बघतो. तसलाच हा प्रकार.

आता यात काय काय बसते ते पाहू.

सगळ्यांत आधी राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार स्वयंसेवकांनिशी ही योजना सुरू झाली. नियमाप्रमाणे स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे, आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. २४० तास म्हणजे रोजचे आठ तास धरले तर पुरते तीस दिवस झाले. महिनाभराची ही राबणूक निरंक कशी?

पण एन.एस.एस. म्हणजेच सगळे नव्हे. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावेच्या गावे श्रमदानाला उतरली होती. त्यात तुम्ही पंधरा-सोळा वर्षांचे असाल आणि टोपली उचलली असेल, तर ते काम आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला. तिथे चिखल काढायला किंवा चाऱ्याची गाडी घेऊन गेला असाल, ते काम आहे. पोलिओच्या रविवारी बूथवर बसलात, करोनाच्या काळात आशाताईंबरोबर घरोघर फिरलात, रक्तदान शिबिरात नावे लिहून घेतलीत, गावच्या वाचनालयाची पुस्तके मांडलीत, गणेश मंडळाचा हिशेब ठेवलात, हे सगळे काम आहे. त्यासाठी छापील प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे नाही. असले तर चांगलेच.

काय बसत नाही तेही सांगतो. ज्याचे पैसे घेतले ते स्वयंसेवकाचे काम नव्हे. ते अनुभवाच्या रकान्यात लिहा. कृषी पदवीची मुले शेवटच्या वर्षी कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात राहतात. ते अभ्यासक्रमाचा भाग आहे, शिक्षणाच्या रकान्यात जाईल. आणि घरच्या शेतात राबणे हेही अनुभवातच लिहावे, अभिमानाने लिहावे, पण इथे नको. एन.सी.सी. केली असेल तर जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. 'सी' प्रमाणपत्राला काही भरतींत जादा गुण किंवा सवलत असते, आणि केवळ न वाचल्यामुळे ती हातची जाते.

आता त्या मुलाकडे वळू. मी त्याला समोर बसवले आणि खोदून खोदून विचारले. किती जण होता? चाळीस. किती दिवस खोदलेत? सात दिवसांतले सहा, रोज सकाळी. एकूण किती लांब? "असेल तीनशे मीटर." रुंदी, खोली? "साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल." मी म्हटले, "कागद घे आणि गुणाकार कर." तीनशे गुणिले शून्य दशांश सहा, गुणिले शून्य दशांश तीन. चोपन्न घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर पाणी मावते. म्हणजे हे चर एकदा काठोकाठ भरले, की ५४ हजार लिटर पाणी माळावरून वाहून न जाता तिथेच थांबते आणि मुरते. उन्हाळ्यात गावात दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे पाच टँकर आणि वर थोडे. आणि हे एका भरण्याचे. पावसाळ्यात चर काही एकदाच भरत नाही.

मुलगा आकड्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सर, हे कुणी कधी सांगितलंच नाही."

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. दहा जणांच्या गटाचा तो प्रमुख होता. कुदळी, फावडी, घमेली मोजून घेणे आणि संध्याकाळी मोजून परत करणे त्याच्याकडे होते. पहिल्या दिवशी त्याने चराची आखणी अंदाजाने केली. संध्याकाळी पाण्याचे पिंप आणून चरात ओतले, तर पाणी सगळे एका टोकाला धावले. पातळी चुकली होती. पुढे काय केले म्हणून विचारले, तेव्हा तो जरा घुटमळला. म्हणाला, "चूक झाली ते कशाला लिहायचं?" मी म्हटले, "अरे, तुझ्या अर्जातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तेच आहे."

मंडळी, असे काम सांगायची एक सोपी रीत आहे. आपल्याच भाषेत सांगतो. पाच गोष्टी सांगायच्या. रान कसे होते, म्हणजे परिस्थिती काय होती. अंगावर काय घेतले, म्हणजे तुमची स्वतःची जबाबदारी. राबणूक काय केली, म्हणजे तुम्ही प्रत्यक्ष काय केले. रास किती पडली, म्हणजे शेवटी काय झाले, जमेल तिथे आकड्यात. आणि पुढच्या सालासाठी बियाणे काय राखले, म्हणजे त्यातून काय शिकलात आणि या नोकरीत ते कुठे लागेल. रानाचे वर्णन दोन ओळींत आटपा. पुष्कळ मुले तिथेच अर्धे पान घालवतात: आमचे महाविद्यालय, आमचे प्राचार्य, उद्घाटनाला कोण आले, नारळ कोणी फोडला. ते कोणी विचारलेले नाही. सगळ्यांत जास्त जागा राबणुकीला द्या.

त्या मुलाने चार वेळा खोडून पाचव्यांदा जे लिहिले, ते त्याच्या परवानगीने इथे देतो.

"बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही दत्तक गावाच्या माळावर समतल चर खोदले. चाळीस विद्यार्थी होते. दहा जणांच्या एका गटाचा मी प्रमुख होतो. आखणी करणे, हत्यारांची नोंद ठेवणे आणि रोजचे काम मोजणे माझ्याकडे होते. पहिल्या दिवशी मी आखणी घाईने, अंदाजाने केली. संध्याकाळी पाणी ओतून पाहिले तेव्हा पातळी चुकल्याचे दिसले. मी ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना लगेच सांगितले, गावातल्या एका जाणत्या शेतकऱ्याकडून नळीने पातळी काढायला शिकलो, आणि दुसऱ्या दिवशी गटाला घेऊन वीस मीटर चर दुरुस्त केला. शिबिरात एकूण ३०० मीटर चर झाले, त्यांतले ७० मीटर माझ्या गटाचे. ते एकदा भरले की सुमारे ५४ हजार लिटर पाणी अडते. मोजल्याशिवाय पुढचे काम करायचे नाही, हे मी तिथे शिकलो. दूध संकलनातही माप चोख असणे हेच पहिले काम आहे, असे मी समजतो."

यात एकही मोठा शब्द नाही. नेतृत्वगुण नाही, समाजाभिमुख नाही, सर्वांगीण विकास नाही. पण वाचणाऱ्याला कळते, की हा मुलगा मोजतो, हिशेब ठेवतो, चुकले तर वर सांगतो, आणि वडीलधाऱ्याकडून शिकायला लाजत नाही. आणि एक बारीक गोष्ट बघा. चार गटांत तीनशे मीटर, म्हणजे सरासरी गटाला पंचाहत्तर. याच्या गटाचे सत्तर. वीस मीटर दुरुस्त करण्यात गट मागे पडला. त्याने ते सत्तरच लिहिले, ऐंशी केले नाही. जाणकार माणूस अशा आकड्यावर विश्वास ठेवतो.

आता एक आपल्याकडची खास अडचण. आपल्या मुलांच्या तोंडी "मी" येत नाही. "आम्ही केलं", "पोरांनी केलं", "गावानं केलं." आपले संस्कारच तसे आहेत, चार माणसांच्या कामात "मी, मी" करणाऱ्याला गावात कोणी चांगले म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. पण मुलाखतीला गाव येत नाही, तुम्ही एकटे जाता. समोरचा माणूस विचारतो, "तुम्ही काय केलंत?", आणि आपण पुन्हा "आम्ही झाडं लावली" म्हणतो. तो तीनदा विचारतो आणि सोडून देतो. तेव्हा काम सगळ्यांचे असेल तिथे "आम्ही" म्हणा, आणि आपला वाटा सांगताना "मी" म्हणा. "आम्ही दोनशे रोपं लावली. त्यांना उन्हाळाभर पाणी घालायची पाळी लावणं माझ्याकडं होतं." यात फुशारकी कुठे आहे? दुसऱ्याचे श्रेय घेतले तर फुशारकी. आपले सांगितले तर तो नुसता हिशेब.

मुलींचे तर याहून अवघड. त्यांचे काम त्यांना स्वतःलाच काम वाटत नाही. आमच्या ओळखीतली एक मुलगी बँक सखीच्या कामासाठी अर्ज करीत होती. स्वयंसेवी काम काय, तर म्हणे काही नाही. तिची आईच म्हणाली, "अगं, त्या बायांना शिकवत होतीस की." साक्षरतेच्या 'उल्लास' कार्यक्रमात स्वयंसेवकांनी पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचे असते. या मुलीने गल्लीतल्या पाच बायकांना शिकवायला घेतले होते. संध्याकाळी सातचा वर्ग ठेवला, तर कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी येईना. बाया रानातून येणार, चूल पेटवणार, मग वर्ग. तिने वेळ साडेआठची केली, आणि जागा शाळेतून उचलून अंगणवाडीच्या ओट्यावर आणली, कारण अंधारात शाळेपर्यंत जायला बाया नको म्हणत होत्या. अ आ इ पासून सुरुवात केली नाही. आधी प्रत्येकीला तिचे नाव लिहायला शिकवले, मग एस.टी.च्या पाटीवरची गावांची नावे, मग बँकेची पैसे भरायची चिठ्ठी. पाचांतल्या तिघी परीक्षेला बसल्या. एक मध्येच सोडून गेली, एक परीक्षेच्या दिवशी आजारी पडली.

मुलाखतीत तिला विचारले, "ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, तिच्याशी तुम्ही कसं वागाल?" पुस्तकातून पाठ केलेली मुलगी इथे म्हणाली असती, "मी नम्रपणे आणि सौजन्याने वागेन." हिने सांगितले, की अंगठा उठवताना बायका मान खाली घालतात, म्हणून मी आधी रक्कम मोठ्याने वाचून दाखवीन, त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेईन, आणि मगच अंगठा घेईन. हे उत्तर शिकवून येत नाही. ओट्यावर बसूनच येते. आणि पाचपैकी तिघीच परीक्षेला का बसल्या, हे विचारल्यावर तिने कारणे सांगितली, बायकांना दोष दिला नाही. तेही पलीकडच्यांनी टिपले असणार.

मुलाखतीत फिरूनफिरून चार-पाचच प्रश्न येतात. चार माणसांबरोबर केलेले काम सांगा. कोणाशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत? एखादी अडचण कशी सोडवलीत? एखादी चूक सांगा. पैशाची जबाबदारी कधी घेतली होती का? घरी बसून या पाचांना आपल्या कामांतली एकेक गोष्ट लावून बघा. मतभेदाला गणेश मंडळासारखी जागा नाही. डी.जे. आणायचा की नाही यावर मंडळ फुटायला आले, आणि तुम्ही दोन्ही बाजूंना घेऊन बसलात, खर्च फळ्यावर मांडून दाखवलात, तर ते सांगा. पतसंस्थेत कारकुनाची जागा असेल, तर मंडळाचे पावतीपुस्तक, वर्गणीची यादी आणि विसर्जनानंतर चार दिवसांत चावडीवर लावलेला हिशेब यांपेक्षा चांगले उत्तर तुमच्यापाशी नाही. मात्र कोणाचे नाव घेऊन निंदा करू नका. मतभेद सांगावा, माणूस सांगू नये.

आणि आता कडक शब्दांत एक गोष्ट. खोटे लिहू नका. एकदा मुलाखतीला आलेल्या एका मुलाने अर्जात लिहिले होते, की २०१९ च्या महापुरात त्याने सांगलीला आठ दिवस मदतकार्य केले. आमच्यातले एक गृहस्थ त्याच भागातले. त्यांनी सहज विचारले, "सांगलीत पाणी कुठल्या नदीचं शिरलं होतं?" मुलगा म्हणाला, "भीमेचं." कृष्णेकाठच्या माणसासमोर! पुढचे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. वाईट याचे वाटले, की नंतर कळले तो मुलगा खरोखरच आपल्या गावातून धान्य आणि कपडे गोळा करून गाडीत भरत होता, तीन दिवस. तेवढेच लिहिले असते तर पुरे होते. खऱ्या शेराला त्याने खोटा मण जोडला आणि शेरही गेला. प्रमाणपत्रे विकत मिळतात असेही कानावर येते. त्या वाटेला जाऊ नका. कागद खोटा असेल तर पहिल्या उलट्या प्रश्नालाच घाम फुटतो. आणि नोकरी लागल्यावर उघडकीस आले तर लागलेली नोकरी जाते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

एक. दोनशे पानी वही करा. दहावी-बारावीतल्या मुलांनी आजच करा. कुठलेही सार्वजनिक काम केले, की त्याच रात्री चार ओळी लिहा: तारीख, जागा, किती माणसे, माझ्याकडे काय होते, काय झाले, काय चुकले. तीन वर्षांनी आकडा आठवत नाही. त्या मुलाला चराची खोली आठवली ते नशीब.

दोन. प्रमाणपत्र मागून घ्या. एन.एस.एस.ची दोन वर्षे पुरी केली असतील आणि प्रमाणपत्र घ्यायचे राहिले असेल, तर कॉलेजात जाऊन कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. ग्रामपंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिथे काम केले तिथल्या जबाबदार माणसाकडून तारखांसह चार ओळींचे पत्र घ्या. माणसे बदलून जातात, मग साक्षीला कोणी उरत नाही.

तीन. ई-सेवा केंद्रात जाऊन जागच्या जागी अर्ज भरू नका. तिथे मागे रांग असते. भरणारा मुलगा विचारतो, "समाजकार्य काय टाकू?" तुम्ही विचारात पडता, तो "निरंक" टाकतो आणि पुढे जातो. उत्तरे घरी कागदावर लिहून न्या, शब्द मोजून न्या. दीडशे शब्दांची मर्यादा असेल तर दीडशेच्या आत बसवा. आणि पाठवण्याआधी पडद्यावर पुन्हा वाचा.

चार. एकच उत्तर सगळीकडे चिकटवू नका. काम तेच असेल, पण शेवटची ओळ नोकरीप्रमाणे बदलते. चराची गोष्ट दूध संघाला सांगताना माप पुढे येईल, पोलीस भरतीत शिस्त आणि पहाटेची हजेरी, ग्रामपंचायतीच्या कामात गावकऱ्यांशी बोलणे.

पाच. मुलाखतीआधी हे उत्तर घरच्यांना मोठ्याने म्हणून दाखवा. आजीला कळले नाही तर साहेबालाही कळणार नाही.

शेवटी दोन शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांशी. मुलगा शिबिराला निघाला, मुलगी वर्ग घ्यायला निघाली, की आपल्या तोंडून पटकन निघते, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाले." आपलेही चूक नाही. रानात कामाला माणूस नसते, मजुरी परवडत नाही, आणि घरचे तरणे हात दुसऱ्याच्या माळावर. ते दुखणारच. पण मुलाच्या मनात ते वाक्य बसते. मग तो स्वतःच आपल्या कामाला निरंक म्हणायला लागतो.

त्या मुलाचे वडील त्याच्याबरोबर आले होते. सगळा वेळ ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. मुलाने शेवटचे उत्तर मोठ्याने वाचले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि विचारले, "चोपन्न हजार लिटर?" मी म्हटले, "हो." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा एन.एस.एस.चे प्रमाणपत्र घेऊन आला. घडी पडून पिवळे झालेले. वडिलांनीच ट्रंकेतून, सात-बाराच्या उताऱ्याखालून काढून दिले होते. सांभाळून ठेवले होते, एवढेच की त्याविषयी कधी बोलले नव्हते.

अर्ज गेला. मुलाखतीचे बोलावणे आले, मुलाखत झाली. यादी अजून लागायची आहे. नोकरी लागेलच असे मी त्याला सांगितले नाही, तुम्हालाही सांगत नाही. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात आणि चांगली उत्तरे लिहिणारेही मागे राहतात. पण या वेळी तो पलीकडच्या माणसांसमोर रिकाम्या हाताने बसला नाही. मुलाखतीहून आल्यावर म्हणाला, "सर, वीस मिनिटं चराविषयीच विचारत होते. नळीनं पातळी कशी काढतात तेसुद्धा. मला सगळं येत होतं."

तर आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा आणि विचारा, गेल्या चार वर्षांत गावासाठी काय काय केलेस? तो म्हणेल, काही नाही. पुन्हा विचारा. आणि जे निघेल ते वहीत लिहून ठेवायला सांगा. लिहिताना अडले तर आम्हाला पत्र पाठवा, सोबत अर्जातला प्रश्न जसाच्या तसा उतरवून द्या.

भेटू पुढच्या अंकात.